टचपॅडला कव्हर हवंच का? झीज ओळखण्यापासून फिल्म लावण्यापर्यंत

नवा लॅपटॉप घ्यायला गेलं की बिल होईपर्यंत काउंटरवर बॅग येते, माउस येतो, कीबोर्डवर घालायचं सिलिकॉनचं आवरण येतं आणि शेवटी प्रश्न येतो, "टचपॅडला पण फिल्म मारून देऊ का? नंतर घासलं जातं." मोबाइलला टेम्पर्ड ग्लास लावल्याशिवाय दुकानाबाहेर न पडणाऱ्या आपल्याला ते लगेच पटतंही. पण मोबाइल हातातून पडतो, खिशात किल्ल्यांसोबत फिरतो. टचपॅड एकतर बंद झाकणाखाली असतं, नाहीतर बोटांखाली.

सरळ सांगायचं तर, काचेचं टचपॅड बोटांनी झिजत नाही. प्लास्टिकचं गुळगुळीत होतं, चकाकतं, पण काम करत राहतं. बिघडतं ते बहुतेक वेळा पृष्ठभागाखालचं किंवा आजूबाजूचं काहीतरी: क्लिकचं बटण, फुगलेली बॅटरी, ओलसर हवा, बिनअर्थिंगचा चार्जर. यातल्या एकावरही कव्हर हा उपाय नाही. मोजक्या परिस्थितीत मात्र ते खरोखर कामाला येतं, त्याबद्दलही पुढे लिहिलं आहे. घाईत असाल तर चाचण्या आणि बॅटरी हे दोन भाग तरी वाचाच.

पहिलं काम: टचपॅड कशाचं आहे ते ओळखा

लॅपटॉपवर टचपॅड रुळलं ते ॲपलच्या १९९४ च्या पॉवरबुक ५०० मालिकेपासून. तेव्हापासून पुढची बरीच वर्षं वरचा थर प्लास्टिकचाच असायचा. ऑक्टोबर २००८ मध्ये ॲपलने ॲल्युमिनियमच्या एकसंध बॉडीचं मॅकबुक आणलं आणि त्यावर काचेचं टचपॅड दिलं. त्यानंतर विंडोजच्या महागड्या लॅपटॉपमध्येही काच आली. स्वस्त आणि मधल्या किमतीच्या लॅपटॉपमध्ये आजही सर्रास प्लास्टिक किंवा त्यावर चिकटवलेली पातळ फिल्म असते. लॅपटॉपची बॉडी धातूची आहे म्हणून टचपॅड काचेचं असेलच असं समजू नका.

ओळखायला सोपं आहे. लॅपटॉप बराच वेळ बंद ठेवा आणि मग टचपॅडला बोट लावा. काच चटकन गार लागते, प्लास्टिक तितकं लागत नाही. नखाने हलकं टकटक करा. काचेचा आवाज टणक येतो, प्लास्टिकचा बोदा. तरी शंका असेल तर तुमच्या मॉडेलचं माहितीपत्रक पाहा. काच असेल तर कंपनी ते अभिमानाने लिहिते. काहीच लिहिलं नसेल तर प्लास्टिक धरून चाला.

दुसरी गोष्ट क्लिकची. बहुतेक टचपॅड वरच्या कडेला बिजागरीसारखं बसवलेलं असतं आणि खालची कड दाबली की आतलं बटण दबतं. म्हणून वरच्या तिसऱ्या भागात क्लिक होत नाही किंवा फार जोर लावावा लागतो. तो बिघाड नसून त्याची रचनाच तशी आहे. २०१५ पासून मॅकबुकमध्ये फोर्स टच आलं. त्यात पॅड खाली जातच नाही. दाब मोजणारे सेन्सर असतात आणि एक छोटी मोटर बोटाला क्लिकचा भास देते. तुमच्याकडे यातलं कोणतं आहे ते बघायचं असेल तर मॅकबुक पूर्ण बंद करून पॅड दाबा. क्लिक जाणवलं नाही तर ते फोर्स टच. विंडोजच्या काही लॅपटॉपमध्येही आता ही पद्धत असते.

बोटाने नक्की काय झिजतं?

बोट कुठे आहे हे टचपॅड दाबावरून ओळखत नाही. वरच्या थराखाली एका सर्किट बोर्डवर तांब्याच्या बारीक पट्ट्यांची जाळी असते आणि तिच्याभोवती सौम्य विद्युतक्षेत्र असतं. आपलं बोट वीजवाहक असल्यामुळे ते जवळ आलं की त्या ठिकाणचं क्षेत्र बदलतं. कंट्रोलर चिप हा बदल सेकंदाला अनेक वेळा मोजते आणि बोट कुठे आहे ते ठरवते. पेनाचं टोक, नख किंवा लोकरी हातमोजा यांना टचपॅड दाद देत नाही ते याचमुळे.

म्हणजे जी जाळी काम करते ती बोटापासून एका थराने वेगळी आहे. त्या थराचा वरचा किंचितसा भाग घासला गेला तरी जाळीला फरक पडत नाही. मॅट प्लास्टिकवर डोळ्यांना न दिसणारे बारीक उंचवटे असतात. रोज त्याच जागी बोट फिरून त्यांचे शेंडे सपाट होतात आणि तिथे चकाकी येते, एसटीच्या दारातल्या दांडीचा रंग हात लागून लागून गेलेला असतो तसं. चकाकी बहुधा मधोमध किंवा किंचित उजवीकडे आणि खालच्या डाव्या कोपऱ्यात दिसते, कारण बोट जास्त फिरतं तिथे आणि क्लिक जास्त होतो इथे.

गंमत अशी की गुळगुळीत झालेल्या जागी बोट सुळकन सरकण्याऐवजी जास्त अडखळतं. उंचवटे होते तेव्हा बोट फक्त शेंड्यांना टेकत होतं. आता ते पूर्ण टेकतं, त्यात घामाचा ओलावा, म्हणून ते चिकटल्यासारखं वाटतं. "टचपॅड म्हातारं झालंय, नीट चालत नाही" ही तक्रार करणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांचा सेन्सर ठणठणीत असतो. खटकतो तो हा स्पर्श.

काचेचा हिशेब वेगळा. खनिजांचा कठीणपणा मोजायच्या मोह्स श्रेणीत नख साधारण २.५ वर येतं, साधी काच ५.५ च्या आसपास आणि वाळूतला क्वार्ट्झ ७ वर. नखाने काचेवर ओरखडा पडणं शक्य नाही. वाळूने मात्र पडतो. तारकर्ली किंवा कळंगुटच्या किनाऱ्यावर बसून काम करायची हौस असेल तर काचेचा खरा शत्रू तिथे आहे. अंगठीतला हिराही त्याच यादीत, तो तर १० वर.

मनगटाखालच्या भागाचं काय? खरं सांगायचं तर टचपॅडपेक्षा तोच आधी खराब होतो. घड्याळाच्या स्टीलच्या पट्ट्याची कडी, बांगड्या, कडं यांचे ओरखडे तिथे पडतात. काही जुन्या लॅपटॉपवर मनगटाखाली रबरासारखा मऊ लेप असे. मुंबई-कोकण-गोव्याच्या दमट हवेत असा लेप काही वर्षांनी विरघळल्यासारखा चिकट होतो. तो मळ नव्हे. लेपच रासायनिकदृष्ट्या मोडत असतो. कितीही पुसलं तरी तो पूर्ववत होत नाही.

पुसल्याशिवाय निदान करू नका

'झिजलेलं' वाटणारं टचपॅड अनेकदा फक्त तेलकट असतं. त्यामुळे पुढच्या कुठल्याही निर्णयाआधी हे करा.

लॅपटॉप बंद करा (नुसता स्लीपवर नको), चार्जर काढा. चष्म्याचं मायक्रोफायबर कापड कोरडं घ्या आणि टचपॅडवरची धूळ अलगद झटका. आधीच ओलं कापड रगडलं तर धुळीतले कणच ओरखडे काढतात. मग कापडाचा कोपरा ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर करा. थेंब गळता कामा नये. द्रव कधीही थेट टचपॅडवर ओतू किंवा फवारू नका, कारण पॅडभोवतीच्या फटीतून तो आत जातो. वरून खाली, एकाच दिशेने पुसा, लगेच कोरड्या बाजूने टिपा. कडेच्या फटीत साचलेला काळा मळ मऊ ब्रशने बाहेरच्या दिशेला काढा. टाचणी किंवा ब्लेड नको.

ॲपल आपल्या उपकरणांच्या कठीण पृष्ठभागांसाठी ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या वाइप्सना परवानगी देतं आणि ब्लीच, हायड्रोजन पेरॉक्साइड टाळायला सांगतं. इतर लॅपटॉपनाही हा नियम लागू करायला हरकत नाही. अपवाद वर सांगितलेल्या रबरी लेपाचा. अल्कोहोलने तो निघायला लागतो. नेलपॉलिश रिमूव्हरमधलं ॲसिटोन प्लास्टिकला खातं, त्यामुळे ते घरात कितीही हाताशी असलं तरी नको.

मळाचे दोन प्रकार जरा विचित्र आहेत. पहिला सॅनिटायझर. त्यातलं अल्कोहोल उडून जातं, पण हात कोरडे पडू नयेत म्हणून घातलेलं ग्लिसरीन मागे राहतं. सॅनिटायझर लावून लगेच टाइप करायला बसलात तर तेच टचपॅडवर चिकट थर धरतं. दुसरा डासांसाठीच्या मलमाचा. ज्या मलमांत डीट हे रसायन असतं ती काही प्लास्टिकं मऊ करतात, इतकी की बोटाचा ठसा उमटतो. ते नुकसान पुसून जात नाही. मलम लावलं की हात साबणाने धुवा, मगच लॅपटॉप.

आणि हळद. जेवता जेवता काम करणाऱ्यांच्या फिकट रंगाच्या प्लास्टिक टचपॅडवर पिवळी झाक येते. तातडीने पुसलं तर बरीचशी जाते. मुरली तर दिवसाच्या उजेडाने काळाच्या ओघात फिकी होते, पण म्हणून लॅपटॉप उन्हात वाळत घालू नका.

पुसून झाल्यावर खोलीतला दिवा मालवा आणि मोबाइलचा टॉर्च टचपॅडच्या जवळजवळ समांतर, अगदी तिरका धरा. पुसण्याआधी दिसणारी चकाकी गेली असेल तर तो तेलाचा थर होता. तशीच असेल तर ती खरी झीज. बारीक रेषा दिसल्या तर त्यावरून नख फिरवा. नख अडकलं तर ओरखडा खोल आहे, नाही अडकलं तर तो वरवरचा.

चार चाचण्या

पहिली रेघेची. पेंटसारखा कुठलाही चित्र काढायचा प्रोग्रॅम उघडा आणि एका कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत अगदी सावकाश तिरकी रेघ ओढा. मग उलट्या कोपऱ्यांतून. रेघ दर वेळी नेमक्या त्याच जागी तुटत असेल तर तिथला सेन्सर किंवा रिबन केबल (टचपॅडला आतल्या मुख्य बोर्डशी जोडणारी चपटी पट्टी) संशयास्पद. रेघ सगळीकडेच थरथरत असेल तर दुसऱ्या चाचणीकडे या.

दुसरी चार्जरची, आणि आपल्याकडे हिची गरज फार पडते. तीच रेघ आधी बॅटरीवर आणि मग चार्जर लावून ओढा. चार्जर लावला की पॉइंटर उड्या मारतो आणि काढला की शहाण्यासारखा वागतो? धातूच्या बॉडीवर मनगट फिरवताना झिणझिण जाणवते? मग दोष टचपॅडचा नाही. चार्जरमधून अगदी सूक्ष्म प्रवाह बॉडीत येतो, त्याला जमिनीकडे जायला अर्थिंगची वाट लागते. तीन पिनांचा प्लग दोन पिनांच्या कन्व्हर्टरमध्ये घुसवला, किंवा जुन्या वाड्यातल्या सॉकेटला मोठं भोक आहे पण मागे वायरच नाही, की ती वाट बंद होते आणि तो विद्युत गोंगाट टचपॅडच्या मोजमापात मिसळतो. दुसऱ्या, अर्थिंगची खात्री असलेल्या सॉकेटवर लावून बघा. इलेक्ट्रिशियनला बोलावून घरचं अर्थिंग तपासून घेणं हा इथला खरा उपाय. चार्जर नकली किंवा जुना झाला असेल तर तोही बदला.

तिसरी क्लिकची. खालचा डावा कोपरा, खालचा मधला भाग, खालचा उजवा कोपरा असे क्रमाने दाबा. तिन्हीकडे जोर आणि आवाज साधारण सारखा हवा. एकीकडे 'टक' येतं आणि दुसरीकडे भुसभुशीत दबतं, किंवा एका दाबात दोन क्लिक होतात, तर आतल्या बटणाची घुमटी, म्हणजे दबल्यावर 'टक' करणारी वाटीसारखी चकती, दमली आहे. टचपॅडमध्ये यांत्रिक अर्थाने झिजणारा भाग कुठला म्हणाल, तर हा. वरून लावलेली कुठलीही फिल्म त्याला वाचवत नाही.

चौथी पट्टीची. शाळेतली प्लास्टिकची सरळ पट्टी घ्या (स्टीलची नको, ओरखडे पडतील) आणि तिची कड टचपॅडवर आडवी अशी ठेवा की दोन्ही टोकं मनगटाच्या भागावर टेकतील. मागून टॉर्च मारा. सामान्य पॅड बाजूच्या पातळीत किंवा केसभर खाली असतं. पट्टी मध्यभागी टेकून दोन्हीकडे डुगडुगत असेल, म्हणजे टचपॅड वर आलं असेल, तर इथेच थांबा आणि पुढचा भाग वाचा.

टचपॅड वर आलंय? लॅपटॉप बंद करा

बऱ्याच लॅपटॉपमध्ये बॅटरी मनगटाखालच्या भागात, टचपॅडच्या अगदी खाली किंवा लगत असते. लिथियम-आयन बॅटरी जुनी झाली, सतत तापली किंवा सदोष असली की आतली रसायनं मोडून वायू तयार होतो आणि तिची पाकिटं फुगतात. त्यांना जागा हवी असते. ती टचपॅड वर ढकलून मिळते. पहिलं लक्षण बहुधा क्लिक कडक होणं हे असतं, कारण पॅडला खाली जायला जागाच उरत नाही. मग कडेची फट एका बाजूला रुंद दिसते, झाकण नीट मिटत नाही, लॅपटॉप टेबलावर डुगडुगतो. लोक या अवस्थेत टचपॅडवर स्टिकर लावतात, अंगठ्याने जोरजोरात दाबतात. दोन्ही करू नका.

चार्जर काढा, लॅपटॉप बंद करा, फरशीसारख्या न पेटणाऱ्या जागी ठेवा. झाकण जोर लावून मिटू नका. बॅटरीला टोचून हवा काढायचा सल्ला कोणी दिला तर त्या माणसाला लॅपटॉपपासून लांब ठेवा. आतलं रसायन पेट घेऊ शकतं. बॅकअप नसेल तर तो घेण्याची घाई होते हे समजू शकतं, पण बऱ्याच लॅपटॉपमधली डिस्क काढून दुसऱ्या यंत्रावर वाचता येते, ते काम दुरुस्तीवाल्याकडे सुरक्षितपणे होतं. खचाखच भरलेल्या लोकलमध्ये पाठीवरच्या सॅकमध्ये दाबून नेण्यापेक्षा कंपनीच्या सेवाकेंद्राला फोन करून घरी येतात का ते विचारा.

काढलेली बॅटरी घंटागाडीत टाकायची नाही. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनुसार जुन्या बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर आहे, त्यामुळे सेवाकेंद्राने ती ठेवून घेणं अपेक्षित आहे. नवी बसवल्यावर टचपॅड आपोआप खाली बसतं आणि क्लिकही बहुधा पूर्ववत होतो. फार दिवस वाकलेलं राहिलं असेल तर मात्र पॅडही बदलावं लागतं.

पुन्हा अशी वेळ येऊ नये म्हणून लॅपटॉप कायम चार्जरला लावून ठेवणाऱ्यांनी चार्जिंग ८० टक्क्यांवर थांबवायची सोय वापरावी. अनेक कंपन्यांच्या स्वतःच्या ॲपमध्ये ती असते. मॅकमध्ये ऑप्टिमाइज्ड बॅटरी चार्जिंग आहे. गादीवर, उशीवर ठेवून वापरल्याने खालची हवा कोंडते, तेही टाळा.

कव्हरपेक्षा जास्त फायद्याच्या सवयी

दाबण्याऐवजी टॅप करा. विंडोज ११ मध्ये सेटिंग्ज, मग ब्लूटूथ अँड डिव्हायसेस, मग टचपॅड इथे जाऊन एका बोटाच्या टॅपने क्लिक आणि दोन बोटांच्या टॅपने राइट क्लिक हे पर्याय चालू करा. मॅकमध्ये सिस्टिम सेटिंग्जमधल्या ट्रॅकपॅडमध्ये टॅप टू क्लिक आहे. मजकूर निवडताना किंवा फाइल ओढताना पॅड दाबून धरावं लागतं असं वाटतं, पण विंडोजमध्ये दोनदा टॅप करून दुसऱ्यांदा बोट न उचलता ओढलं तरी चालतं. मॅकमध्ये ॲक्सेसिबिलिटीच्या पॉइंटर कंट्रोलमध्ये तीन बोटांनी ओढायची सोय आहे. ती एकदा अंगवळणी पडली की परत दाबायला नको वाटतं. क्लिकच्या घुमटीचं आयुष्य याने जितकं वाढतं तितकं दुसऱ्या कशाने वाढत नाही.

एक्सेल किंवा टॅलीवर दिवसभर काम असेल तर साधा माउस जोडा. काम भरभर होतं आणि टचपॅडला आराम मिळतो. झाकण मिटण्याआधी पेनड्राइव्ह, इअरबड, पेन आत राहिलेलं नाही ना, हे बघा. काचेची टचपॅडं फुटतात ती अशीच, आणि त्यांच्यासोबत स्क्रीनही जातो.

पावसाळ्यात बोटं दमट असतात, त्यामुळे पॉइंटर अडखळतो किंवा भलतीकडे जातो. हातरुमालाने बोटं आणि पॅड कोरडं करा, एवढं पुरतं. तिथे पावडर टाकायचा घरगुती उपाय काही जण सांगतात. फटीत जाऊन ती क्लिक जाम करते.

मग कव्हर कुणी लावायचं?

शाळेतला किंवा क्लासमधला, अनेक हातांतून जाणारा लॅपटॉप असेल आणि टचपॅड प्लास्टिकचं असेल तर लावा. दोन-तीन वर्षांत विकायचा विचार आहे आणि पॅड चकाकायला नको, तरीही लावा, अगदी नवा असतानाच. हाताला फार घाम येत असेल आणि गुळगुळीत पॅडवर बोट अडकत असेल तर मॅट फिल्मने स्पर्श सुधारतो. धुळीच्या ठिकाणी काम असेल, बांधकामाच्या साइटवर, गॅरेजमध्ये, शेतावर, तरी विचार करण्यासारखं आहे. आणि काचेला तडा गेला असेल तर पॅड बदलेपर्यंत बोट कापू नये म्हणून पातळ पारदर्शक फिल्म किंवा साधी चिकटपट्टी लावणं हा तर शहाणपणाच.

बाकीच्यांना गरज नाही. काचेचं टचपॅड असलेल्याने त्यावर प्लास्टिक लावणं म्हणजे ज्या स्पर्शासाठी जास्त पैसे मोजले तोच झाकून टाकणं. अशांना काही लावायचंच असेल तर मनगटाखालच्या भागाला फिल्म लावा. ओरखडे खरोखर तिथे पडतात.

फिल्म निवडताना

जाडी हा पहिला प्रश्न. जाळी आणि बोट यांच्यातलं अंतर वाढलं की संकेत क्षीण होतो. पातळ विनाइल किंवा पीईटी (हे दोन्ही प्लास्टिकचेच प्रकार) फिल्म चालते. मोबाइलची टेम्पर्ड ग्लास साधारण ०.३ मिलिमीटरची असते. तिने प्रतिसाद मंदावतो आणि ती झाकणालाही आड येते. आजच्या लॅपटॉपमध्ये मिटलेलं झाकण आणि खालचा भाग यांत जेमतेम जागा असते. वेबकॅमवरच्या झाकणांमुळे स्क्रीनला तडे जाऊ शकतात असा इशारा ॲपलने २०२० मध्ये दिला होता. त्यात अशा वस्तूची जाडी छपाईच्या साध्या कागदापेक्षा, म्हणजे ०.१ मिलिमीटरपेक्षा जास्त नको असं म्हटलं होतं. मनगटाच्या जागेवरही काही ठेवून झाकण मिटू नका असंही कंपनी सांगते. हा आकडा डोक्यात ठेवून विक्रेत्याला जाडी विचारा. त्याला सांगता येत नसेल तर दुसरीकडून घ्या.

कार्बन फायबरसारखी दिसणारी विनाइल चालते, कारण ती नुसती नक्षी असते. धातूचा खरा मुलामा असलेली चकचकीत फिल्म मात्र नको. धातूमुळे बोटाचा संकेतच अडतो. पृष्ठभाग मॅट हवा, कारण ग्लॉसी फिल्मवर बोट चिकटतं. ज्या लॅपटॉपच्या टचपॅडमध्ये प्रकाशाने उमटणारा नंबरपॅड आहे, जसे असूसचे काही, त्यांना अपारदर्शक फिल्म लावली तर आकडे दिसणार नाहीत. कापणी नेमक्या मॉडेलची हवी. सगळ्यांना चालणारा मोठा तुकडा घेऊन घरी कात्रीने कापलात तर कडा वेड्यावाकड्या येतात. पॅडवर ठेवून ब्लेडने कापायचा मोह तर आवराच.

लावताना आणि काढताना

पंखा बंद करा, नाहीतर धूळ येते. वर सांगितल्याप्रमाणे पॅड पुसून पूर्ण कोरडं होऊ द्या. फिल्म मागचा कागद न काढता जागेवर ठेवून बघा. ती पॅडच्या कडेपासून जराशी आतच संपली पाहिजे. फटीवरून मनगटाच्या भागावर गेली तर पॅड खाली जाताना ती ओढली जाते, क्लिक कडक होतो आणि कडेला लगेच सुटते. जागा पक्की झाली की वरच्या कडेचा एक बोटभर कागद सोला, ती कड सरळ टेकवा आणि उरलेला कागद हळूहळू खेचत, मऊ कापडात गुंडाळलेल्या जुन्या कार्डाने वरून खाली दाबत या. मोबाइलच्या दुकानात साबणाचं पाणी फवारून फिल्म सरकवतात. ते इथे चालणार नाही. पाणी फटीतून आत जाईल. बारीक बुडबुडे राहिले तर घाबरू नका, बरेचसे एक-दोन दिवसांत बसतात.

लावल्यावर रेघेची आणि क्लिकची चाचणी पुन्हा करा. पॉइंटर मंद वाटला तर विंडोजच्या टचपॅड सेटिंगमध्ये संवेदनशीलता सर्वांत वरच्या पातळीवर न्या. तरीही दोन बोटांचं स्क्रोल अडखळत असेल तर फिल्म काढून टाका, सवय होईल म्हणून थांबू नका. मग कागदाची अरुंद पट्टी पॅडवर ठेवून झाकण अलगद मिटा आणि पट्टी ओढा. मधल्या भागात ती सहज सरकली पाहिजे. आवळली गेली तर फिल्म जाड आहे.

फिल्मच्या कडा काळ्या पडून उचलायला लागल्या की ती बदलायची वेळ झाली. एका कोपऱ्यातून, पॅडला जवळजवळ समांतर ठेवत, सावकाश सोला. जुनी होऊन घट्ट बसली असेल तर हेअर ड्रायरची अगदी कोमट हवा लांबून, थोडाच वेळ द्या. खाली बॅटरी आहे हे विसरू नका. मागे राहिलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने ओलसर केलेल्या कापडाने निघतो.

पॅड खरंच गेलं असेल तर

झीज फक्त स्पर्शाची असेल आणि लॅपटॉप लेनोव्होचा जुना थिंकपॅड असेल तर नशीबवान आहात. त्यातल्या काही मॉडेल्सचा वरचा खडबडीत थर सुट्या स्टिकरच्या रूपात मिळतो. इतरांना मॅट फिल्म हाच त्यातला स्वस्त मार्ग.

क्लिक किंवा सेन्सर गेला असेल तर पॅड बदलणं आलं. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात तापकीर गल्ली अशा बाजारांत सुटे भाग मिळतात आणि बसवूनही देतात. दुकानात बोलताना तुमचं टचपॅड सुटं निघतं की ते सी पॅनेललाच, म्हणजे कीबोर्डभोवतीच्या अख्ख्या सांगाड्याला, चिकटवलेलं आहे हे आधी विचारा. सुटं असेल तर काम थोडक्यात होतं. सी पॅनेल बदलायचं असेल तर खर्च वाढतो आणि पाच-सहा वर्षं जुन्या लॅपटॉपवर तो करण्याऐवजी माउस जोडून काम चालवणं बरं. भाग नवा आहे की दुसऱ्या लॅपटॉपमधून काढलेला, आणि त्यावर किती दिवसांची हमी, हेही बिलावर लिहून घ्या. रिबन केबलचं बारीक कुलूप अर्धवट लागलं तर पॅड कधी चालतं, कधी नाही. म्हणून पैसे देण्याआधी दुकानातच खालचं झाकण बसवून घ्या, लॅपटॉप थोडा हलवा आणि चार्जर लावून, मग काढून, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत रेघ ओढून बघा.